वरच्या खोलीतून

प्रिय आई, बाबा,

वरच्या खोलीतून टाईप करतोय. तुम्ही दोघं खालीच आहात, कुकरच्या शिट्ट्या इथपर्यंत ऐकू येतायत, तरी खाली येऊन समोर बसून हे बोलणं मला काही जमणार नाही. परवा बाबांना स्कूटरच्या डिक्कीत प्लास्टिक सर्जनचा कागद सापडला, "हे नटनट्यांचे धंदे आपल्या घरात? नाक कापणार आमचं" एवढं बोलून जे गप्प झाले ते आजपर्यंत गप्पच आहेत. आणि आई, तू जिन्यात हळूच विचारलंस, नाकाचं काही करतोयस का रे. नाही गं, नाक नाही. छाती.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहितो. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. ही नुसती चरबी नसते, पुरुषांच्या छातीत पण थोडी स्तनाची ग्रंथी असते, ती वाढते. वयात येताना हॉर्मोन्स वरखाली होतात तेव्हा अर्ध्याहून जास्त मुलांना हे थोडंफार होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. माझं नाही बसलं. आठवीपासून आहे, आता मी 31 चा. इतक्या वर्षांत ती ग्रंथी घट्ट होऊन जाते, मग गोळ्यांनी जात नाही आणि पुशअप्सनी तर नाहीच. बाबा, तुम्ही म्हणायचे ना सकाळी पळत जा, सेव-जिलबी बंद कर, तर 11 किलो कमी केले मी त्या वर्षी, पोट गेलं, गाल गेले, आणि हे उलट जास्तच दिसायला लागलं.

शाळेत मला मुलं आंटी म्हणायची. तुम्हाला कधी सांगितलं नाही. मे महिन्यात शर्टाखाली दोन बनियन घालायचो, आई तू धुवायला घेताना ओरडायचीस की एका माणसाचे एवढे बनियन कसे निघतात, ते यामुळे. "पोक काढून चालू नकोस" ते पण यामुळेच. रंगपंचमीला सगळं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला, आणि मी घरी ताप आलाय म्हणून झोपलेलो, दरवर्षी त्याच दिवशी बरोबर ताप. ओला टीशर्ट अंगाला चिकटतो ना.

आणि गणपती. बाबा, तुम्हाला वाटतं मी नास्तिक झालो, कॉलेजला गेल्यापासून प्राणप्रतिष्ठेला बसत नाही म्हणून काकांसमोर तुम्ही बोललातसुद्धा, आणि मी पण देव मानत नाही वगैरे वाद घातला. तसं काही नव्हतं हो. सोवळं नेसून उघड्या अंगानं सगळ्या नातेवाईकांसमोर बसायचं, एवढंच मला जमत नव्हतं.

बरं, नाक कापण्यावरून. सुश्रुतानं कापलेलं नाक परत बसवायची रीत लिहून ठेवलीये हे मला लहानपणी तुम्हीच सांगायचे. आणि 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये आपल्या एका मराठा माणसाची हकीकत छापून आली होती, कावसजी, इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायचा, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि हात कापला. पुण्याकडच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवीन नाक करून दिलं. त्याला कोणी नटनट्यांचे धंदे म्हणालं असेल असं वाटत नाही. मान्य, माझं कोणी काही कापलेलं नाही. पण लपवतो मी पण.

भीती मला पण आहे, नाही कशाला म्हणू. ॲनेस्थेशियाची आहे. आत रक्त किंवा पाणी साचू शकतं, निपलची जाणीव काही महिने कमी राहू शकते, कधीकधी कायमची, आणि जास्त काढलं तर बशीसारखा खड्डा पडतो, उलट मग तेच दिसत राहणार. पहिल्यांदा ज्या क्लिनिकला गेलो तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, एक मुलगी ईएमआयचा तक्ता घेऊन बसली आणि आज बुक केलं तर डिस्काउंट म्हणाली, जसं काही साडीचा सेल. ऑपरेशन कोण करणार विचारलं तर म्हणे आमची टीम. उठून आलो. आताचे डॉक्टर एमसीएच आहेत, म्हणजे एमबीबीएस, मग तीन वर्षं एमएस, त्यावर तीन वर्षं फक्त प्लास्टिक सर्जरी. त्यांनी आधी भरपूर प्रश्न विचारले, केसांच्या गोळ्या घेतो का, जिममध्ये कोणी इंजेक्शन दिलं का, कारण त्यानं पण हे होतं. थायरॉइड, लिव्हर, हॉर्मोन्स सगळं तपासलं, सोनोग्राफी केली. तुम्हाला सापडला तो कागद त्याचाच. सगळं नॉर्मल आहे, आई, कॅन्सर वगैरे काही नाही, गुगल करू नकोस.

पैशाचं म्हणाल तर मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक बसत नाही, मी साठवलेत, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. लग्नासाठी करतोय का असं आत्या विचारेल. नाही. आणि तिला हर्निया सांगू नका प्लीज, सांगायचंच तर खरं सांगा, नाहीतर काहीच नको.

तर शनिवारी सकाळी सातला उपाशीपोटी जायचंय. दीड-दोन तासांचं काम, निपलच्या कडेला खालून अर्धगोल छेद देतात, बाकीची चरबी नळीनं ओढतात. बहुतेक संध्याकाळी सोडतील, मग चार ते सहा आठवडे घट्ट जॅकेट घालायचं, म्हणून तर थंडीतली तारीख घेतली. डॉक्टर म्हणाले सोबत घरचं कोणी हवं. मित्राला विचारून ठेवलंय, पण बाबा, तुम्ही आलात तर मी त्याला नको म्हणून सांगीन. बोलायचं नसेल तर नका बोलू, बाहेर बाकावर पेपर वाचत बसा.

आणि हात वर करता येणार नाहीत काही दिवस, डोक्यातून घालायचे कपडे चालणार नाहीत. माझ्याकडे सगळे टीशर्टच आहेत. तुमचे बँकेतले ते जुने ढगळे हाफशर्ट आहेत ना कपाटात, बटणवाले, त्यातले दोन काढून ठेवा.