बांडगूळ जरूर काढा, पण आंबा तोडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधीची फांदीछाटणी सुरू झाली की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, "बांडगूळ लागलंय, झाड गेलंच समजा." पाचपाखाडीत आमच्या आवारातल्या जुन्या आंब्याबद्दल पण मीटिंगमध्ये हेच चाललंय, म्हणून लिहितेय.

बांडगूळ हिरवं असतं, म्हणजे साखर ते बऱ्यापैकी स्वतःच बनवतं. त्याला झाडाकडून हवं असतं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार, नायट्रोजन, पोटॅश, फॉस्फरस वगैरे. (कुंपणावरच्या पिवळ्या अमरवेलीचं वेगळं, ती तयार साखरच पळवते.) बांडगूळ सालीतून आत लाकडापर्यंत घुसतं आणि पानांतून झाडापेक्षा जास्त पाणी उडवत राहतं, जेवढं उडेल तेवढं खालून ओढलं जातं आणि सोबत क्षार पण येतच राहतात. आंब्याचं स्वतःचं पान पिकलं की गळायच्या आधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन आणि पोटॅश फांदीत परत घेतं, पण बांडगुळात एकदा गेलेला पोटॅश फांदीत परत यायला वाटच नाही, त्यामुळे त्याच्या त्या जाड पानांत पोटॅश आंब्याच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त साठतो.

मग ही पानं खाली पडतात. जंगलात ती तिथंच कुजतात आणि सगळं परत मुळांना मिळतं. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी काही जंगलतुकड्यांमधून बांडगुळाच्याच जातीतली झुडपं पूर्ण काढून पाहिली, तर तीन वर्षांत पक्ष्यांच्या जाती घटल्या, आणि त्यात जमिनीवर किडे टिपणारे जास्त होते, म्हणजे त्या पाचोळ्यावर किती जीव जगत असतील बघा. आमच्याकडे मात्र रोज सकाळी पाचोळा झाडून घंटागाडीत जातो आणि पेव्हर ब्लॉकचं सिमेंट बुंध्याच्या सालीला टेकलंय. वरून बांडगूळ ओढतंय आणि खालून काहीच येत नाही, झाड काय करणार? तरी फांदी नीट पाहिली तर बांडगूळ बसलंय तिथं गाठ आहे, गाठीच्या पुढचा शेंडा तेवढा वाळलाय, मागची अख्खी फांदी हिरवीगार आहे. या झाडाला मेलेलं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही, आतल्या भागातून ते परत फुटतं, गाठीच्या मागून फांदी कापावी लागते, आणि तीही फळं पिकायच्या आधी, कारण फुलटोच्या पक्षी फळं खाऊन चिकट बिया दुसऱ्या फांदीवर लावून जातो. येऊरच्या जंगलातली बांडगुळं मात्र कुणी काढू नयेत, हळदी-कुंकू फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात.

महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती की छाटणीच्या ठेकेदारांना हे काम नीट दाखवून द्यावं आणि परवानगी देताना बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी करायची अट घालावी. आणि सोसायट्यांनो, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, बांडगूळ आहे म्हणून ती आपोआप मिळालेली नसते. आमच्या आंब्याचा अर्ज अजून गेलेला नाही, तो जाऊ नये म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडणार आहे.

एक वाचक, ठाणे (प.)