रात्री सव्वातीनचा होकार

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील, पण खरं सांगतो, हे पत्र मी चार वेळा सुरू केलंय. एकदा दोन ओळी झाल्या, एकदा नुसतं 'प्रिय' झालं. आज पोरगी झोपलीय, बायकोही झोपलीय, भांडी सिंकमध्ये तशीच पडलीयेत आणि म्हटलं मरू दे, आता लिहितोच. मधेच कुठे वाक्य तुटलं तर समजून घे.

तू विचारलंयस की वहिनींना सातवा लागलाय आणि नेमकी आत्ता ही नवीन नोकरीची ऑफर आलीय, तर घेऊ का. आणि शेवटी लिहिलंस, 'तू तर सगळं मस्त सांभाळतोयस'. ते मी बायकोला वाचून दाखवलं. ती एवढ्या जोरात हसली की पाळण्यातली दचकली आणि पुढची पंचवीस मिनिटं मला खांद्यावर घेऊन फिरावं लागलं. त्यामुळे आधी मस्त सांभाळण्याची गोष्ट ऐक, जी मी तुला आजपर्यंत सांगितली नाहीये कारण लाज वाटते.

मुलगी तीन महिन्यांची होती तेव्हा मला ऑफिसात एक मोठं काम देऊ केलं. नवीन टीम, सगळी जबाबदारी माझी, सहा महिने, फक्त महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरगावी राहायचं. मी असल्या संधीची किती वर्षं वाट बघत होतो ते तुला माहितीये, माझी रडगाणी तूच ऐकलीयस. मेल संध्याकाळी आला तेव्हा ती किरकिर करत होती म्हणून वरवर वाचला. मग रात्री सव्वातीन. ती माझ्या डाव्या खांद्यावर, ढेकर काही निघत नव्हता, मी खोलीत फेऱ्या मारतोय, उजव्या हातात मोबाईल, त्याचा उजेड तिच्या डोळ्यावर पडू नये म्हणून तिच्या पाठीमागे धरलेला. आणि अशा अवस्थेत मी अंगठ्याने टाईप केलं, 'हो, नक्की आवडेल, कधीपासून सुरू करायचं?' पाठवलं. त्याच क्षणी ढेकर आला, पाठोपाठ थोडं दूधही माझ्या खांद्यावर आलं. मला इतकं भारी वाटलं ना, दोन्ही कामं फत्ते!

सकाळी बायकोला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. तिने प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला, त्यावर चोवीस तासांच्या चोवीस ओळी आखल्या आणि दोन पेनं आणून ठेवली, निळं माझं आणि लाल तिचं. म्हणाली कालचा दिवस भर. भरला. पाजणं आठ वेळा, ते लाल. आंघोळ, संध्याकाळची फेरी, रात्रीचा ढेकर, निम्म्या वेळा डायपर, कपडे, ते निळं. मी मनातल्या मनात खूश, बऱ्यापैकी निळं दिसत होतं कागदावर. मग तिने तसाच दुसरा कागद पुढे केला, म्हणाली आता तू बाहेरगावी आहेस आणि माझी रजा संपलीय असं धरून भर.

निळ्या पेनाचं टोपण काढावंच लागलं नाही रे. आणि त्याहून वाईट म्हणजे दुपारच्या एका ओळीत तिने 'मीटिंग' लिहिलं आणि त्याच्याच शेजारी 'दूध' लिहिलं, दोन्ही लाल, एकाच तासात. तिची रजा संपायला तेव्हा दहा दिवस उरले होते आणि हे मला सव्वातीनला आठवलंसुद्धा नव्हतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. मी जो वेळ ऑफिसला देऊन टाकला होता तो माझा नव्हताच.

ह्या रजेच्या प्रकरणात मी नंतर जरा डोकं घातलं, कारण मला वाटायचं रजा म्हणजे मिळते तेवढी मिळते, त्यात हिशोब काय करायचा. तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करार आहे, त्यात बाळंतपणाची रजा कमीत कमी १४ आठवडे धरलीय. काही ठिकाणी भरपूर जास्त मिळते, काही ठिकाणी तेवढीही नाही. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. २६ मधून १४ गेले की उरले १२. हे १२ आठवडे कुणीतरी कुठूनतरी काढायचे असतात आणि ते कुठून निघतात तर दूध काढायच्या पंपातून आणि आईच्या झोपेतून. त्याच करारात दूध पाजायला रोज पगारी ब्रेक किंवा कमी तास द्यावेत असंही आहे, पण ब्रेक घेऊन बसायचं कुठे हा प्रश्न बायकोने पहिल्या दिवशी विचारला तेव्हा तिच्या ऑफिसात कुणालाच उत्तर येईना, शेवटी स्टेशनरीच्या खोलीत एक खुर्ची आणि आतून कडी. बापाच्या रजेचा तर त्या करारात आकडाच नाहीये.

तर मग दुधाचं खातं माझ्याकडे आलं. तुला हे आत्ताच सांगून ठेवतो कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. काढलेलं दूध साध्या खोलीत फार तर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, कुठे गार राहतं आणि कुठे उकळतं आणि बाळाचं तोंड भाजतं. बाळाने अर्धवट पिऊन सोडलेलं दोन तासांच्या आत संपलं नाही तर ओतून द्यायचं. मी एकदा बाटली भरून ओट्यावर ठेवली, झाकण शोधायला गेलो, फोन आला, विसरलो. सकाळी बघतो तर १२० मिली. ती बाळंतपणात रडली नव्हती, पण तेव्हा ओट्याजवळ उभी राहून रडली. दोन दिवस त्या स्टेशनरीच्या खोलीत बसून काढलेलं दूध होतं ते. कामाचे कितीही मोठे निर्णय घे, त्या १२० मिलीएवढं काही मला अजून लागलेलं नाही.

असो. होकाराचं पुढे काय झालं ते सांगतो. बॉसकडे जाऊन सांगितलं की मेल घाईत केला, जमणार नाही. बॉस चांगला वागला, म्हणजे फार चांगला, 'समजू शकतो' म्हणाला आणि चार दिवसांत ते काम माझ्या हाताखालच्या मुलाला देऊन टाकलं. आता तो मला मीटिंगची आमंत्रणं पाठवतो. वाईट वाटतं का? वाटतं. लोक सांगतात ना की बाळाकडे बघितलं की सगळं विसरायला होतं, तसं काही होत नाही, बाळाकडे बघताना बाळ दिसतं आणि मेल बघताना मेल दिसतो. दोन्ही खरं असतं.

मग मी दुसरं टोक गाठलं, आठवड्याला चार दिवस काम मागून घेतलं, एक पंचमांश पगार कमी. ही दुसरी चूक, आणि ही शांत डोक्याने केलेली, भर दुपारी. पगार कमी झाला, काम तेवढंच राहिलं, कारण कुठलं काम माझ्याकडून काढून घ्यायचं हे मी विचारलंच नाही आणि कुणी आपणहून थोडंच काढणार आहे. पाच दिवसांचं काम चार दिवसांत कोंबायचं आणि सुट्टीच्या दिवशी पोरगी झोपली की लॅपटॉप. तिची दुपारची झोप म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मला वाटायचं माझ्यावरच राग आहे हिचा, नेमकी फोन लागला की उठते. नंतर कळलं की मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि तान्ह्याचं ५० च्या आसपास, त्यामुळे एक चक्र झालं की डोळे उघडतातच. म्हणून झोपेच्या भरवशावर कॉल कधी ठेवू नकोस. तीन महिने हे केलं, मग परत पूर्ण वेळ घेतला पण साडेचार ते आठ मी नाही म्हणजे नाही, कॅलेंडरवर लाल पट्टी. चार दिवसांपेक्षा हे कितीतरी बरं चाललंय, निदान आत्ता तरी.

'आत्ता तरी' हे मुद्दाम लिहिलं. कारण ह्या सगळ्यात माझी मुख्य गोची हीच होती की ऑफिसातले निर्णय आपण कायमचे असल्यासारखे घेतो आणि बाळ दर पाच-सहा आठवड्यांनी वेगळंच कुणीतरी असतं. तिसऱ्या महिन्यात मला वाटलं आता रात्रीचं बसलं गणित, चौथ्यात झोप पार विस्कटली, बऱ्याच बाळांची त्या सुमाराला विस्कटते. सहाव्यात वरचं खाणं सुरू झालं, म्हणजे बायकोची दुधाची धावपळ जरा कमी झाली पण भरवायला प्रत्येक वेळी अर्धा तास आणि पुसायला वीस मिनिटं, भिंतीसकट. आता नववा आहे तर मी नुसता बाथरूमला गेलो तरी दाराशी रांगत येऊन आकांत. समोरचं माणूस दिसेनासं झालं तरी कुठेतरी आहे हे ह्या वयात कळायला लागतं आणि परत येईल का ते कळत नाही, म्हणून रडतात म्हणे. त्यात आम्ही शहाण्यांनी पाळणाघर ह्याच महिन्यात सुरू केलं आणि माझी एक मोठी डेडलाईनही ह्याच महिन्यात होती. पहिल्या आठवड्यात सर्दी, दुसऱ्यात ताप, तिसऱ्यात मी आजारी. नव्याने पाळणाघरात जायला लागलेली पोरं सुरुवातीला सारखी आजारी पडतात हे सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला सोडून.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे राग येतो खरं तर. मी तिला मांडीवर घेऊन व्हिडिओ कॉलला बसलो की सगळे 'अरे वा, किती गोड, किती छान बाबा'. बायको बसली तर 'मागून जरा आवाज येतोय'. तेच बाळ, तोच आवाज. वहिनी परत कामाला लागतील तेव्हा हे त्यांच्याही वाट्याला येणार, तेव्हा 'जाऊ दे, मनावर घेऊ नकोस' एवढं मात्र म्हणू नकोस. मी म्हणालो होतो.

आता तुझ्या ऑफरचं. पगाराचं तू बघशील, त्यातलं मला कळत नाही. मी फक्त कॅलेंडर मांडून बघितलं. तू पुढच्या महिन्यात रुजू झालास तर बाळ त्यानंतर साधारण दोनेक महिन्यांत येणार, म्हणजे नवीन ठिकाणी तुला अजून कुणी ओळखतही नाही तेव्हाच तू रजा मागणार. सहा महिन्यांचा प्रोबेशन संपेल तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं असेल, म्हणजे नेमकं झोपेच्या धुळवडीत. ह्याचा अर्थ घेऊ नको असा नाही. पण त्यांना आधी सांग की बाळ येतंय, आणि सही करायच्या आधी विचार की प्रोबेशनमध्ये रजा मिळते का, किती, पगारी की बिनपगारी, आणि रुजू व्हायची तारीख अडीच-तीन महिने पुढे सरकवता येईल का. हे बोलायला तुला जड जाईल हे माहितीये मला, तुझा स्वभाव. पण हे विचारल्यामुळे ते मागे हटले तर पुढच्या रजेच्या वेळी ते कसे वागले असते हे आत्ताच कळलं समज. आणि हल्लीच्या ऑफिसातच राहायचं ठरवलंस तर तिथेही 'सध्या थोडं कमी' असं मोघम बोलू नकोस, कुठलं काम तुझ्याकडून जाणार आणि कुणाकडे, कधीपर्यंत, हे मेलवर घे. माझ्या त्या चार दिवसांच्या आठवड्याची आठवण ठेव.

लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काही ठेवू नकोस हे सांगायचं राहिलंच होतं, अंग गरम होतं, किरकिर असते, बहुतेक वेळा दिवसा-दोन दिवसांत निवळतं. आणि रात्री दहानंतर ऑफिसच्या कुठल्याही मेलला उत्तर नाही, हा नियम आमच्या फ्रीजवर चिकटवलाय, बायकोच्या अक्षरात, सव्वातीनचा उल्लेख करून. पाहुणे आले की वाचतात आणि मला विचारतात हे काय म्हणून.

ते दोन्ही कागद मी जपून ठेवलेत. उद्या उजेडात फोटो काढून पाठवतो, लाल-निळं नीट दिसलं पाहिजे. तुम्ही दोघं रविवारी बसा आणि तुमचे दोन कागद भरा, एक ही नोकरी घेतली तर आणि एक नाही घेतली तर, बाळ चार महिन्यांचं आहे असं धरून. वहिनींना आधी लिहू दे, तू नंतर लिही, नाहीतर माझ्यासारखं स्वतःचं आधी भरून खूश होशील. आणि त्यांना विचार कुठल्या रंगाचं पेन हवंय.

तुझाच,
(आता भांडी घासायला जातो)