भुवयांवरचा खडू

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची शाळेत शिकवणारी पेशंट. तीन वर्षं चेहऱ्यावर सेबोऱ्हिक डर्मटायटिसचे खवले घेऊन फिरत होते, ती. केबिनमध्ये तुमचे आभार मानायचे ठरवून यायचे आणि बाहेर पुढचा पेशंट थांबलेला दिसला की गप्प बसायचे. म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

पहिल्या भेटीत मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. वर्गात एकदा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या भुवयांना खडू लागलाय." मी पुसला. तो खडू नव्हता. त्या दिवसापासून मी फळ्याकडे तोंड करूनच जास्त बोलू लागले. भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, कानामागची जागा, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यावर पिवळट, तेलकट पापुद्रे. आपण अस्वच्छ दिसतो असं वाटून दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धुवायचे आणि आग आणखी वाढायची.

कुणीतरी सुचवलेलं एक मलम मी मनानंच लावत होते. दोन दिवसांत चेहरा नितळ व्हायचा, थांबवलं की दुपटीनं लाल. तुम्ही ट्यूब हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलंत आणि विचारलंत, "किती दिवस लावताय?" मी म्हटलं, दीड वर्ष. तुम्ही रागावला नाहीत. ते तीव्र स्टेरॉइड आहे, चेहऱ्याची त्वचा त्यानं पातळ होते, एवढं शांतपणे सांगितलंत आणि ते सोडायला लावलंत. पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. पण असं होणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणूनच मी टिकले.

मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्याच त्वचेवर असते, त्वचेच्या तेलावर जगते आणि त्या तेलातून जी आम्लं सुटतात ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. हा आजार कुणाकडून लागत नाही, कुणाला लागतही नाही. मॅडम, त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी माझ्या भाचीला गालाला गाल लावून जवळ घेतलं.

किटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचं मलम आणि शाम्पू यांनी निम्मं काम झालं, उरलेलं हटेना. तेव्हा मीच हट्ट धरला की याच औषधाची गोळी द्या. तुम्ही नाही म्हणालात, आणि का तेही सांगितलंत. या गोळीनं लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्याही औषध नियामकांनी तिच्याविरुद्ध पावलं उचलली होती. मलमाची गोष्ट वेगळी, ते रक्तात फारसं उतरत नाही. मग तुम्ही इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूलचा विचार केलात, पण तेही लगेच लिहून दिलं नाहीत. आधी लिव्हरची तपासणी, हृदयाचा काही त्रास आहे का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, हे सगळं विचारलंत. आणि "दुसरी कुठली औषधं चालू आहेत?" हे तर दोनदा. पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं. दुसऱ्यांदा ॲसिडिटीची गोळी आठवली. रोजचीच गोळी, ती कोण औषधात धरतं! पण पोटात पुरेसं आम्ल नसेल तर ही कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि तेवढ्या दिवसांपुरती ती गोळी बंद ठेवलीत. दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर आठवडाभराचं औषध वाया गेलं असतं आणि मी गोळ्यांनाच नावं ठेवली असती.

सात दिवस रोज 200 मिलीग्रॅम, भरल्या पोटी. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहायचे. सातव्या दिवशीही नाकाजवळ लाली होतीच, आणि मी रडवेली होऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, कॅप्सूल संपल्या तरी औषध काही आठवडे त्वचेत राहतं, थांबा. थांबले. तिसऱ्या आठवड्यात भुवयांवरून बोट फिरवलं तर खाली फक्त त्वचा लागली, गुळगुळीत. कितीतरी वेळ मी बोट फिरवतच राहिले.

हे मुळापासून जात नाही, थंडीत किंवा ताणात पुन्हा डोकं वर काढेल, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणूनच मागच्या महिन्यात परीक्षेच्या धावपळीत कानामागे थोडं उमटलं तेव्हा घाबरले नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं मलम लावलं आणि बसलं. महिन्यातून दोन दिवसांच्या कॅप्सूल ठरल्याप्रमाणे चालू आहेत, आणि आता कुणी सर्दीची गोळी दिली तरी आधी तुम्हाला विचारते.

परवा वर्गात एक मुलगा म्हणाला, "बाई, कपाळाला खडू लागलाय." मी मुलांकडे तोंड करूनच पुसला. बोटावर पांढरी भुकटी आली. खडूच होता.

पुढच्या सोमवारी लिव्हरचा रिपोर्ट घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
तुमची एक पेशंट