काका, तुमचा ड्रमसेट मला न विकल्याबद्दल

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, प्रॅक्टिस कर" म्हणून फोन कापता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता कापून दाखवा.

दीड वर्षापूर्वी मी डोंबिवलीहून तुमच्याकडे आलो तो गिऱ्हाईक म्हणून. तुमचा जुना पर्ल एक्स्पोर्ट ड्रमसेट विकायचाय असं कानावर आलं होतं. खिशात साठ हजार, त्यातले वीस ताईकडून उसने. तुम्ही मला पाच मिनिटं वाजवू दिलंत आणि विचारलंत, "राहतोस कितव्या मजल्यावर?" तिसऱ्या. "लिफ्ट?" नाही. "गाडी?" रिक्षा, नाहीतर लोकल. "मग हा तुझ्या कामाचा नाही." बावीस इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), सोळाचा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा ड्रम) आणि उचलताना कंबर मोडेल असे स्टँड. तुमच्या ऑर्केस्ट्राला टेम्पो होता, उचलायला पोरं होती. मला मी एकटाच. काकू आतून म्हणाल्यासुद्धा, "अहो, जाऊ द्या की एकदाचा, गॅलरी मोकळी होईल." तरी तुम्ही विकला नाहीत.

मग मी मोबाइलवर दुसरा दाखवला. नवाकोरा, चकाकता लाल, स्टूल आणि सिम्बलसकट (म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्या) अडतीस हजार. तुम्ही फोटोकडे धड बघितलंही नाही. "वरून कीर्तन, आतून तमाशा," म्हणालात आणि काकूंकडे काशाची वाटी मागितलीत, तळपायाला तूप चोळायची. बोटांच्या टोकांवर धरून तिला नखाने टिचकी मारलीत. ती घुमत राहिली, आम्ही गप्प बसून ऐकत राहिलो. मग पितळेची वाटी. टण्, की संपलं. "स्वस्त सेटबरोबर मिळतात ते सिम्बल बहुतेक या जातीचे," तुम्ही म्हणालात. कासं म्हणजे तांबं आणि कथील. चांगल्या सिम्बलचा बी-ट्वेंटी म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. बी-एटमध्ये कथील ८ टक्के, तेही एक वेळ चालतं. पितळेत कथिलाच्या जागी जस्त. "शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं) सुमार असला तर हेड (वरचा पडदा) बदलून, ट्यून करून वेळ मारून नेता येते रे. पितळेचा क्रॅश सिम्बल कसा ट्यून करशील?"

हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मी महिनाभर शेलचं लाकूड बर्च की मेपल याच वादात अडकलो होतो. तुम्ही म्हणालात, सिम्बलचे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात वापरलेला पण चांगल्या घराण्यातला सेट बघ, आणि किक वीस इंचीच्या वर नको.

नंतरचे दोन रविवार तुम्ही माझ्याबरोबर फिरलात. पहिल्या घरचा प्रसंग मी अजून सगळ्यांना सांगतो. तुम्ही फ्लोअर टॉमची दोन्ही हेड सोडवलीत, शेल उचललंत आणि थेट स्वयंपाकघरात. तिथे त्या मुलाची आई पोळ्या लाटत होती. "ताई, जरा ओटा द्या." पीठ पुसून शेल ग्रॅनाइटवर पालथं ठेवलंत, वरून आत मोबाइलचा टॉर्च सोडलात आणि ट्यूबलाइट बंद करायला लावलीत. हेड जिथे टेकतं त्या काठाखालून एका बाजूला, चार बोटं रुंदीचा उजेड बाहेर येत होता, दाराच्या फटीतून यावा तसा. मुलगा वैतागून म्हणाला, "एवढं काय बघताय?" तुम्ही शांतपणे, "उजेड." काठ सपाट नसेल तर हेड सगळीकडून सारखं बसत नाही, मग ट्यूनिंग की कितीही फिरवा, टॉम सुरात येत नाही. त्या माउलीने मात्र आम्हाला गरम पोळी-गूळ खाऊ घातला, सौदा न होताही!

दुसऱ्या रविवारी मिळाला तो यामाहा स्टेज कस्टम बर्च: वीस इंची किक, १०, १२, १४ चे टॉम आणि स्नेअर ड्रम. मालक शिकायला परदेशी निघालेला. ओट्यावर कुठेच उजेड नाही. तुम्ही एकेक स्क्रू फिरवून आटे गेलेत का बघितलंत, मी नुसता घाम पुसत उभा. स्टँड आणि पेडलसकट चौतीस हजार. सोळात वापरलेले हाय-हॅट आणि राइड हे सिम्बल, दोन्ही बी-ट्वेंटी. सहा हजारांत टॉमवर दुपदरी हेड, उरलेल्यात बॅगा. क्रॅश पहिल्या चार कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांच्या पैशांतून घेतला. ताईचे वीसही फिटले, हे तिच्यासाठी इथे नोंदवतो.

आवाज फार घुमू नये म्हणून किकमध्ये आजीची जुनी गोधडी आहे, तुम्ही सांगितलीत तशी घडी घालून, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल इतकीच. परवा बदलापूरला एका लग्नात साउंडवाल्याने किकला माइक लावला आणि विचारलं, "आत काय घातलंय? छान बसलीय." मी म्हटलं, आजी. तो पुढे काही बोलला नाही.

किक रिक्षात मागच्या सीटवर, मी तिला मिठी मारून शेजारी. ठाण्याच्या पुढे जायचं असेल तर लगेजचा डबा. रात्री दीड वाजता तिसऱ्या मजल्यापर्यंत चार फेऱ्या होतात. तुमचा सेट असता तर सहा झाल्या असत्या, आणि शेजारच्यांनी कधीच तक्रार केली असती.

काकूंना सांगा, गॅलरी अडकून राहिली त्याला जबाबदार मी.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा

ता. क. त्या रविवारी तुमची ट्यूनिंग की माझ्या खिशात राहिली. ती माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. आणून देतो म्हणत दीड वर्ष झालं. खरं सांगायचं तर आणून देणार नाहीये, नवी घेऊन येतो.