पडद्यावरचे रसायनशास्त्र

महोदय,

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचे महागडे व्हिडिओ-संच विकत घ्यायला लावण्याची चढाओढ नागपुरात वाढली असताना, याच विषयाची उत्तम साधने महाजालावर विनामूल्य आहेत, हे पालकांच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या, संगणकावर हाताळता येणाऱ्या विज्ञान-प्रतिकृतींच्या प्रकल्पाची सुरुवात २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी केली. त्यातील समीकरणे संतुलित करण्याच्या प्रतिकृतीत सहगुणक बदलला की दोन्ही बाजूंच्या अणूंचा तराजू डोळ्यांदेखत झुकतो. आमच्या शेजारची नववीतली मुलगी महिनाभर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची आकडेमोड पाठ करीत होती. तराजू दोनदा झुकलेला पाहिल्यावर ‘काका, म्हणजे अणू हरवत नाहीत!’ असे ती आपणहून म्हणाली. संयुगांची विश्वसनीय माहिती हवी असल्यास ‘पबकेम’ हा रसायनांच्या माहितीचा विनामूल्य साठा महाजालावर आहे, मात्र त्यासाठी इंग्रजी वाचण्याची तयारी हवी.

तरीही अनुमापन करताना, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता काढताना, फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग ज्या एका थेंबाने टिकतो, तो थेंब ब्युरेटची (मोजनळीची) तोटी स्वतः फिरवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ही साधने दाखवून शाळांनी प्रयोगशाळेला कुलूप लावू नये. (कुलूप लावलेल्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत.) ‘फेट’च्या बहुतेक प्रतिकृती एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटविना चालतात. शहरातील अभ्यासिकांनी त्या आपल्या संगणकांवर सुट्ट्यांपूर्वीच भरून ठेवाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सक्करदरा, नागपूर