सामानापुरती इटालियन देवनागरीत छापावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीच्या सुमारास आपल्या पुरवणीत युरोप सहलींविषयी लेख येतात, म्हणून ही विनंती वेळेवर करीत आहे. गेल्या वर्षी मी व माझी पत्नी इटलीला गेलो, तेव्हा आरक्षण करून देणाऱ्या कंपनीने इटालियन वाक्यांची एक पुस्तिका दिली होती. तीत अभिवादन, जेवण व खरेदी यांची वाक्ये भरपूर होती, पण सामानासंबंधी एकही नव्हते. आणि आम्ही अडलो ते नेमके सामानापायी. उत्तर इटलीतील एका स्थानकावर दोन जड बॅगा घेऊन आम्ही लिफ्टसमोर बराच वेळ उभे होतो. दारावरच्या कागदावरील ‘ग्वास्तो’ या शब्दाचा अर्थ ‘बिघडले आहे’ असा असतो, हे शेवटी तिथल्याच एका बाईंनी खुणेने सांगितले आणि एक बॅग स्वतः उचलून आम्हाला जिन्याने वर नेले.

व्हेनिसला तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर कालवाच लागतो, मोटारी नाहीत, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या असल्याने चाकांच्या बॅगेचाही उपयोग होत नाही. अशा ठिकाणी ‘दोवे इल देपोझितो बागाल्यी?’, म्हणजे सामान ठेवण्याची जागा कुठे आहे, एवढे विचारता आले तरी अर्धा दिवस वाचतो. हॉटेलची खोली सकाळी सोडायची आणि गाडी संध्याकाळची असेल, तर ‘पोस्स्यामो लाश्शारे क्वी ले वालीजे?’ असे विचारावे. बॅगा इथे ठेवू का, असा त्याचा अर्थ. गर्दीतून बॅग ओढताना ‘पेर्मेस्सो’ म्हटले की लोक आपणहून बाजूला होतात. हा एक शब्द आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

हे सारे देवनागरीतच छापावे, असा माझा आग्रह आहे. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, परंतु रोमन अक्षरे वाचताना आपण इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड म्हणतो. रेल्वेच्या डब्याला ते ‘कार्रोच्चा’ म्हणतात. त्यातला च ‘चोर’ या शब्दातला आहे, ‘चिमणी’तला नव्हे, आणि हा उच्चार मराठी माणसाला मुद्दाम शिकावा लागत नाही. उलट ‘वालीजा’ या शब्दातला ज ‘जीव’मधला आहे, ‘जग’मधला नव्हे. जोडाक्षरावर ‘पत्ता’ म्हणताना देतो तसाच पुरेसा जोर द्यावा.

मात्र प्रश्न पाठ केला तरी उत्तर कळले पाहिजे. मोठ्या स्थानकांवर फलाटाचा क्रमांक, म्हणजे ‘बिनारिओ’, अनेकदा गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर दिसतो. उशीर असल्यास ‘रितार्दो’ या शब्दापुढे मिनिटे येतात. एक ते वीस हे अंक कानाला ओळखीचे नसतील, तर सांगणाऱ्याने क्रमांक सांगूनही आपण सामानासह जागीच उभे राहतो.

विमानाने बॅग आलीच नाही, तर ‘ला मिआ वालीजा नोन ए आर्रिवाता’ असे सांगून विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी नोंद करून घ्यावी. भारत व इटली या दोन्ही देशांना लागू असलेल्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे सामानाची मोडतोड झाल्यास ते मिळाल्यापासून 7 दिवसांत, आणि उशिरा मिळाल्यास 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ज्येष्ठांच्या बॅगेत औषधे असतात. त्यांनी ‘देन्त्रो ची सोनो ले मिए मेदिचीने’, म्हणजे आत माझी औषधे आहेत, हे वाक्य अवश्य पाठ करावे, आणि निदान दोन दिवसांची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

आपल्या प्रवास पुरवणीत अशी दहा-बारा वाक्ये, इटालियन जाणणाऱ्या शिक्षकाकडून उच्चार तपासून, कापून पाकिटात ठेवता येईल अशा चौकटीत व ज्येष्ठांना वाचता येईल अशा मोठ्या टंकात छापावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली