काळालाही एक अक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या विज्ञान पानावरचा लोलकाचा लेख वाचला, सोपा होता, आवडला, पण ऊर्जा कायम राहते म्हटलं आणि विषय तिथेच गुंडाळला ते काही पटलं नाही. लोलक जिथे टांगलाय ती जागाच हलत असेल तर कुठली ऊर्जा कायम राहायला!

रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कपित्झाचा लोलक बघा. लाकूड कापायच्या जिगसॉ मशीनचं खालीवर होणारं पातं काढून (हे आधी करा, आणि गॉगल घाला) तिथे वीसेक सेंटिमीटरची दांडी मोकळी फिरेल अशी बसवायची, टोकाला छोटंसं वजन. मशीन जोरात चालू केलं की दांडी उलटी, वजन वर घेऊन चक्क उभी राहते, टिचकी मारली तरी डुलून परत सरळ. पिव्हट (दांडी जिथे अडकवलीय तो बिंदू) मधल्या जागेपासून १ सेंटिमीटर वर, १ सेंटिमीटर खाली जात असेल तर सेकंदाला ३२-३३ फेऱ्या पुरतात, आणि बऱ्याच जिगसॉ ५० पर्यंत देतात. अँड्र्यू स्टीफन्सनने हे १९०८ मध्येच गणिताने दाखवलेलं, १९५१ मध्ये कपित्झाने नीट उलगडून सांगितलं.

आता याचं चित्र कोन आणि मोमेंटम एवढे दोनच अक्ष घेऊन काढलं तर लोलकाची स्थिती ज्या वाटांनी बदलते त्या एकमेकींना छेदतात, कारण पिव्हट त्या क्षणी वर चाललाय का खाली हे कागदावर कुठेच नाही. काळाचा तिसरा अक्ष जोडला की एका बिंदूतून एकच वाट. फ्रेंच गणिती एली कार्टानने १९२२ च्या पुस्तकात हेच केलं: मोमेंटम गुणिले जागेतला बदल, त्यातून हॅमिल्टोनियन (साधारणपणे ऊर्जेचं सूत्र) गुणिले काळातला बदल वजा, बस एवढी एकच राशी. शेजारशेजारच्या वाटांच्या जुडग्याभोवती बंद वेटोळं घ्या, त्यावरचे बिंदू वेगवेगळ्या वेळांचे असले तरी चालतील, वेटोळं त्याच जुडग्यावर पुढेमागे सरकवलं तरी त्यावरची या राशीची बेरीज तीच येते. ऊर्जा बदलली तरी हे बदलत नाही! आणि काळ धरून मिती विषम होतात म्हणून या भूमितीत एक दिशा मोकळी उरते, सिस्टिम तिकडेच सरकते.

आमच्याकडे बीएस्सीला हॅमिल्टनची समीकरणं घोकून घेतात, काळ आला की म्हणे एमएस्सीला बघा, आणि तिथे सम मितींचं सिम्प्लेक्टिक मॅनिफोल्ड (फक्त जागा आणि मोमेंटमचे जोडीजोडीने अक्ष असलेली भूमिती) येतं, काळ परत दाराबाहेर. पुढच्या लेखात निदान ते तीन अक्षांचं चित्र तरी छापा, रंगीत नसलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षक, सांगली